हॅवलॉकहून नीलला जाताना: बोट कुठली हा दुसरा प्रश्न झाला

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही सहा जण अंदमानला निघालाय, त्यात सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि चार वर्षांची मुलगी. एकूण पाच रात्री: पोर्ट ब्लेअरला एक, हॅवलॉकला दोन, नीलला दोन. सहाव्या दिवशी सकाळच्या बोटीनं नीलहून परत यायचं आणि दुपारी एकचं विमान पकडायचं. एजंट म्हणतो, "काही होत नाही, सगळे असंच करतात." आईंना बोट लागते. आणि तुम्ही विचारलंय ते एवढंच, की हॅवलॉक ते नील हा टप्पा सरकारी बोटीनं करावा की खासगी.

तेवढ्यापुरतं उत्तर हवं असेल तर खासगी, आणि शक्यतो सकाळची. पण मी गेली चौदा वर्षं ठाण्याहून छोटे ग्रुप घेऊन अंदमानला जातोय, आणि तुमचा कार्यक्रम वाचल्यावर माझी नजर हॅवलॉक-नीलवर थांबलीच नाही, ती थेट सहाव्या दिवसावर गेली. बोट आणि परतीचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. बाकी सगळं याच्यानंतर.

कारण सांगतो. हॅवलॉक आणि नील या दोन्ही बेटांवर विमानतळ नाही. हेलिकॉप्टर आहे, पण ते मुख्यतः तिथल्या रहिवाशांसाठी आणि रुग्णांसाठी. आपण ते हिशोबात धरायचंच नाही. म्हणजे परतायला समुद्र हा एकच रस्ता. त्यात तिथला दिवस आपल्यापेक्षा फार लवकर संपतो. अंदमान मुंबईच्या साधारण वीस रेखांश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच. दिवाळीच्या सुमाराला तिथं पाचच्या आसपास सूर्य मावळतो. त्यामुळे बेटांवरून सुटणाऱ्या बोटी दुपार टळेपर्यंत आटोपतात, आणि पोर्ट ब्लेअरहून परतीची बहुतेक विमानं सकाळ ते दुपार या वेळातलीच असतात. सकाळची बोट चुकली किंवा रद्द झाली, तर दुपारच्या बोटीनं तुम्ही पोहोचालही, पण विमान गेलेलं असेल. आपल्याकडे एसटी चुकली तर मागची पकडतो, फार तर वडाप असतं. इथं तसलं काही नाही.

आता हवामान. आपल्या मनात एक पंचांग पक्कं बसलंय: नारळी पौर्णिमा झाली, नारळ वाहिला, की समुद्र शांत. कोकण किनाऱ्यापुरतं ते बरोबर आहे. अंदमानला ते लागू होत नाही. तिथं नैर्ऋत्य मोसमी पाऊस ओसरला की ईशान्य मोसमी पाऊस असतो, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळं तयार होण्याचा काळ. डिसेंबर २०१६ मध्ये, पुढे चेन्नईवर आदळलेलं 'वरदा' वादळ अजून बाळसं धरत असताना, हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकून पडले होते. बोटी बंद होत्या, आणि शेवटी नौदलाला जहाजं पाठवावी लागली. असं दरवर्षी होत नाही. दिवाळीतले आठच्या आठ दिवस लख्ख ऊन आणि तलावासारखं पाणी, असंही मी पाहिलंय. पण वर्षभरात फेब्रुवारी-मार्चमध्ये जी खात्री मी देऊ शकतो, ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्याकडून बुकिंग करू नका.

माझा स्वतःचा धडा असा. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात अकरा जणांचा ग्रुप नीलवर होता. दुपारच्या बोटीनं पोर्ट ब्लेअरला जायचं होतं. वर ऊन पडलेलं, भरतपूरच्या किनाऱ्यावर लोक पाण्यात खेळतायत, आणि दीड वाजता मेसेज आला: बोट रद्द. ग्रुपमधले एक काका माझ्यावर वैतागले, "अहो, समुद्र तर बघा कसा आहे!" किनारा शांत दिसत होता, कारण त्या बाजूला प्रवाळाची कड आहे आणि लाट तिच्यावर आधीच फुटते. बाहेरच्या खुल्या पाण्यात काय चाललंय ते तिथून दिसत नाही. बोट सोडायची की नाही हे बंदर खातं ठरवतं, आणि ते 'नाही' म्हणालं की कंपनीशी हुज्जत घालून काही होत नाही. आम्ही ती रात्र नीलवरच काढली. आमचं विमान दुसऱ्या दिवशी नव्हतं, तिसऱ्या दिवशी होतं, म्हणून निभावलं. शेजारच्या हॉटेलातल्या एका कुटुंबाचं दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं. सहा तिकिटं आयत्या वेळी नव्यानं काढायची म्हणजे काय किंमत पडते ते दिवाळीच्या गर्दीत विचारू नका.

म्हणून तुमच्या कार्यक्रमात मी एवढाच बदल करीन. नीलची एक रात्र काढून पोर्ट ब्लेअरला शेवटी टाका: एक, दोन, एक, एक. पहिल्या दिवशी उतरल्यावर सेल्युलर जेल बघा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं हॅवलॉक. चौथ्या दिवशी सकाळी नील. पाचव्या दिवशी दुपारी नीलहून पोर्ट ब्लेअर, रात्र तिथंच. ती बोट रद्द झालीच, तर सहाव्या दिवशी सकाळची बोट हाताशी उरते, आणि एकचं विमान तरीही कदाचित मिळेल. म्हणजे एजंटचा जो मूळ प्लॅन आहे, तो तुमचा अडचणीतला प्लॅन होतो. नीलवर एकच रात्र कमी वाटेल, पण बेट एवढंसं आहे की दीड दिवसात निवांत होतं. हॅवलॉकची रात्र मात्र कापू नका. राधानगरचा किनारा संध्याकाळी घाईत बघण्यासारखा नाही, आणि त्यासाठीच तर इतक्या लांब जायचं.

कुणी स्कूबा करणार असेल तर या रचनेचा आणखी एक फायदा. डायव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ ते २४ तास जावे लागतात. बोटीला ही अट नाही. हॅवलॉकला तिसऱ्या दिवशी डायव्ह केला, की मध्ये भरपूर वेळ उरतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील हा त्रिकोण आहे, आणि बऱ्याच खासगी बोटी एकाच दिवसात तो त्रिकोण फिरतात. हॅवलॉक ते नील ही त्याची सगळ्यात छोटी बाजू. वेगवान बोटीला पाऊण तास ते तास लागतो. पण या बाजूवर फेऱ्या कमी असतात. लोक नेमकं उलटं करतात: पोर्ट ब्लेअर-हॅवलॉकचं तिकीट आधी काढतात, कारण ते पहिलं आहे, आणि मधला टप्पा राहतो. तुम्ही हॅवलॉक-नीलचं तिकीट आधी काढा आणि बाकीचे दोन त्याच्याभोवती बसवा. दिवाळीत सहा सीट एकत्र हव्या असतील तर महिना-दीड महिना आधी. सकाळची फेरी सांगण्याचं कारणही या त्रिकोणातच आहे. सकाळी पोर्ट ब्लेअरला अर्धा तास उशीर झाला, की तो दिवसभर पुढे सरकत जातो आणि दुपारच्या प्रवाशांच्या वाट्याला तास-दीड तासाचा होऊन येतो. शिवाय दुपारनंतर वारा सहसा वाढलेला असतो.

सरकारी बोट वाईट नाही. मला स्वतःला ती आवडते. भाडं खासगीच्या निम्म्याहूनही कमी, आणि सोबतीला बेटावरची खरी माणसं: शाळा-कॉलेजची मुलं, दवाखान्यात निघालेल्या आजी, भाजीच्या गोण्या. नील हे अंदमानचं भाजीचं कोठार आहे, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी ती शेती उभी केली, आणि त्या गोण्यांशेजारी बसून हे जेवढं कळतं तेवढं कुठल्या गाइडकडून कळत नाही. पण ही सेवा मुळात बेटवासीयांसाठी आहे आणि त्यांना प्राधान्य मिळतं, जे योग्यच आहे. तिकीट मिळेल की नाही हे आधी पक्कं नसतं. दोन मित्र पाठीवर सॅक टाकून निघाले असते तर मी सरकारी बोटच सुचवली असती. सहा जण, त्यात वडीलधारी आणि लहान मूल, तिकिटासाठी जेट्टीवर ताटकळणं परवडणारं नाही.

खासगीतही दोन जाती आहेत. मक्रूझ किंवा नॉटिकासारख्या वेगवान कॅटामरान म्हणजे दोन सांगाड्यांच्या, पूर्ण बंद, एसी बोटी. विमानासारखं आत बसायचं. ग्रीन ओशनसारख्या बोटी थोड्या सावकाश जातात, पण वर डेकवर मोकळ्या हवेत उभं राहता येतं. आईंसाठी यातलं कुठलं बरं? हे खरंच माणसावर अवलंबून आहे. त्यांना विचारा, की गाडीत खिडकी उघडली की बरं वाटतं का. उत्तर 'हो' असेल तर डेकवाली बोट, जरी अर्धा तास जास्त लागला तरी. उत्तर 'डोळे मिटून पडले की बरं वाटतं' असं असेल, तर वेगवान बोट घ्या आणि प्रवास लवकर संपवा.

बोट लागण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथं लोक ऐकीव गोष्टींवर चालतात. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो की आपण हलतोय. डोळे समोरच्या सीटची पाठ बघून सांगतात की आपण स्थिर आहोत. या दोघांच्या भांडणातून मळमळ होते. म्हणून मोबाइल पूर्ण बंद, पुस्तक बंद, आणि नजर खिडकीबाहेर क्षितिजावर. सीट घेताना बोटीच्या मधली किंवा मागची, खालच्या मजल्यावरची घ्या. बोट लाटेवर चढते-उतरते तेव्हा नाक सगळ्यात जास्त वर-खाली होतं, आणि उंचीवर डोलणं जास्त जाणवतं. गंमत अशी, की महागडा वर्ग बहुधा पुढे किंवा वरच्या मजल्यावर असतो. माझ्या एका ग्रुपमध्ये मुलानं आई-वडिलांसाठी कौतुकानं सगळ्यात वरच्या वर्गाची तिकिटं काढली, आणि स्वतः स्वस्तात मागे बसला. तो ताजातवाना उतरला. आई-वडील पिशव्या हातात धरून.

दुसरी चूक म्हणजे उपाशी निघणं. "पोटात काही नसलं की उलटी होणार नाही" हे आपल्याकडच्या प्रत्येक आईनं ऐकवलेलं असतं. रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते, आणि कोरड्या उलट्या तर फार वाईट. निघण्याच्या तासभर आधी दोन इडल्या, केळं, कोरडी बिस्किटं असं काहीतरी हलकं खायचं. हॉटेलच्या नाश्त्यातली पुरीभाजी आणि दुधाची कॉफी त्या दिवशी नको. आलेपाक घरून न्या. आल्यानं बऱ्याच जणांना खरोखर फरक पडतो, आणि लिमलेटच्या गोळीपेक्षा तो बरा.

अ‍ॅव्होमिनसारखी गोळी घ्यायची असेल तर तिचं वेळापत्रक महत्त्वाचं. निदान तासभर आधी घ्यावी लागते. बोट सुटल्यावर, मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुतेकदा समुद्रालाच अर्पण होते. या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं. आईंना काचबिंदू, लघवीचा त्रास किंवा रोजच्या इतर गोळ्या असतील, तर निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. चार वर्षांच्या मुलीच्या बाबतीतही तेच. घरातली गोळी मोडून अर्धी द्यायची नाही. माझा अनुभव असा, की इतकी लहान मुलं बोटीत मोठ्यांपेक्षा कमी त्रास काढतात आणि बहुधा झोपून जातात. तरी कपड्यांचा एक जोड हाताशी ठेवा, मोठ्या बॅगेत नको. मोठ्या बॅगा बोटीवर वेगळ्या ठेवल्या जातात आणि मध्येच मागता येत नाहीत.

नावांचा घोळ हा वेगळाच विषय. डिसेंबर २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. बोलताना सगळे जुनी नावं घेतात, आणि तिकिटावर बहुधा नवीन असतात. स्वराज आणि शहीद दोन्ही 'स-श' वरून, दोन्ही द्वीप; घाईत उलटं तिकीट काढलेले निदान तीन जण मला भेटलेत. पैसे भरण्याआधी 'स्वराज ते शहीद' असं मोठ्यानं वाचा. तसंच पोर्ट ब्लेअरला फिनिक्स बे आणि हॅडो अशा वेगवेगळ्या जेट्ट्या आहेत. तुमची बोट कुठून सुटते ते तिकिटावर बघा आणि रिक्षावाल्याला नाव सांगा, नुसतं 'जेट्टी' म्हणू नका.

जेट्टीवर सुटण्याच्या वेळेआधी तासभर पोहोचायचं. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्र ताडून बघतात, सामान तपासतात, आणि वेळ झाली की दार बंद. सगळ्यांचं आधार कार्ड, मुलीचंसुद्धा, मूळ प्रत जवळ ठेवा. तिकिटाची छापील प्रत न्या. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली तेव्हापासून तिथलं नेटवर्क पुष्कळ सुधारलंय, पण नेमकं रांगेत उभं असताना मोबाइलवर पीडीएफ उघडेल याचा भरवसा मी धरत नाही. थोडी रोख रक्कमही असू द्या.

आई-वडिलांच्या दृष्टीनं बोटीपेक्षा जेट्टी जास्त दमवते. नीलची जेट्टी चांगलीच लांब आहे आणि वाटेत ऊन असतं. बोटीत चढताना मध्ये फळी किंवा पायऱ्या असतात, आणि त्यांचा उतार भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. दिवाळी म्हणजे अमावास्या, म्हणजे उधाण. त्या दिवसांत तिथं पाण्याच्या पातळीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. ओहोटीला बोट खाली बसते आणि फळी तिरकी होते. घाई करणाऱ्यांना पुढे जाऊ द्या, खलाशाचा हात धरा, ते आपणहून पुढे करतात. वडिलांच्या हातात काही देऊ नका, पाण्याची बाटलीसुद्धा नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला जाणाऱ्या बोटीचा मुंबईत अपघात झाला, तेव्हापासून आईंनी बोटीची धास्ती घेतलीय. ती भीती खोटी नाही, आणि "काही होत नाही गं" म्हणून ती जाणारही नाही. त्यांना एवढं सांगा, की बेटांदरम्यानच्या या बोटींना सीट नंबर असतात, प्रवाशांची नावनिशीवार यादी असते, आणि समुद्र चढला तर त्या सोडत नाहीत. रद्द झालेली बोट हा त्रास वाटतो, पण ती तुमच्याच बाजूनं घेतलेला निर्णय असतो. बसल्यावर लाइफ जॅकेट कुठं आहे ते त्यांना स्वतः हात लावून बघू द्या, आणि मुलीच्या मापाचं आहे का ते कर्मचाऱ्याला विचारा. मी जास्त काळजी करतो ती छोट्या सहलीच्या बोटींची. २६ जानेवारी २०१४ ला पोर्ट ब्लेअरजवळ अशीच एक पर्यटकांची बोट बुडाली आणि वीसहून जास्त लोक गेले. क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरल्याचा ठपका तिच्यावर होता. रॉस, नॉर्थ बे किंवा हॅवलॉकहून एलिफंट बीच, जिथं जिथं लहान बोट आहे तिथं जॅकेटचे पट्टे बांधल्याशिवाय बसू नका, आणि गर्दी दिसली तर पुढच्या बोटीची वाट बघा. आई-वडिलांना एलिफंट बीचला नेण्याचा आग्रहही करू नका. त्यांना काला पत्थरला सावलीत शहाळं पाजा, ते जास्त खूश होतील.

एकंदर काय, तर हॅवलॉक-नीलचं सकाळचं खासगी तिकीट आजच बघा, नीलची एक रात्र पोर्ट ब्लेअरला हलवा, सीट मागची खालची, आणि गोळी आधी. एजंट नीलची रात्र रद्द करायला कुरकुर करेल. त्याला विचारा, की बोट रद्द झाली तर विमानाचे पैसे तू देणार का. बहुतेक लगेच हॉटेलला फोन लावेल.

नीलवर पोहोचलात की हॉटेलवाल्याला त्या दिवशीची ओहोटीची वेळ विचारा आणि लक्ष्मणपूरचा तो दगडी नैसर्गिक पूल त्याच वेळेला बघा. तिथं खडकांवरून चालावं लागतं, भरतीत जाताच येत नाही. उधाणाच्या दिवसांत पाणी बरंच मागे जातं, खडकांतल्या डबक्यांत रंगीत मासे, समुद्रकाकड्या अडकलेल्या दिसतात. मुलीला रबरी सॅंडल घाला, प्रवाळ पायाला फार कापतं. वडिलांचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना वर झाडाखाली बसवून तुम्ही जाऊन या.